हौद ओ देतो

छ. संभाजीनगर
१९ जून २०२४

प्रिय शंतनू,

तुझा फोन लागत नाही. म्हणजे माझ्या नंबरवरून लागत नाही. काल शेजारच्या अप्पारावांच्या फोनवरून लावला तर वाजला, आणि वाजतोय म्हटल्यावर मीच घाबरून बंद केला. काय बोलायचं ते ठरवलेलंच नव्हतं. म्हणून हे पत्र. शाळेत मी दर वर्षी मुलांना 'धाकट्या भावास पत्र' लिहायला घालते आणि मायना चुकला की अर्धा गुण कापते. आज स्वतः बसले, तर 'अनेक आशीर्वाद' लिहून खोडून टाकलं. माझे आशीर्वाद तुला चालतील का, ते कळेना.

पोलीस ठाण्यातून तुझ्या फिर्यादीची नक्कल मिळाली. तू लिहिलं आहेस, 'माझी मोठी बहीण विशाखा मधुसूदन पैठणकर हिच्या भरवशावर माझी चार वर्षांची मुलगी सावनी हिला सोडून मी व पत्नी चारुता असे लासूर स्टेशनला गेलो.' खरं आहे. चारुताच्या मामांचा दहावा होता आणि दहाव्याला लहान लेकरं नेत नाहीत. 'दुपारी परत आलो तेव्हा मुलगी अंगणातील पाण्याच्या हौदात पडून मरण पावल्याचे समजले.' तेही खरं आहे. त्याच्या पुढची एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्याबद्दल आज काही लिहीत नाही.

फिर्याद दिल्याचा मला राग नाही. तू दिली नसतीस तर चारुताच्या माहेरच्यांनी दिली असती, आणि मुलगी माझ्याच ताब्यात होती. फौजदार तसे सभ्य होते. म्हणाले, "बाई, निष्काळजीपणानं मृत्यू, तीनशे चार अ. जामीन जागेवर मिळतो, घाबरू नका." मी घाबरले नव्हतेच. मी त्यांना विचारलं, की पंचनाम्यात तिच्या एका पायातली चप्पल लिहिली आहे, दुसरी सापडली का. त्यांनी कागद मिटला.

तू जेवतोस का, एवढं कुणाकडून तरी कळव.

विशाखाताई


२० ऑगस्ट २०२४

प्रिय शंतनू,

काल राखी होती. पाठवली नाही. आणून ठेवली होती, मग वाटलं पाकीट फोडून तू काय करशील, आणि चारुतासमोर ते पाकीट पडलं तर काय. देवापाशी ठेवली आहे.

मला वकील मिळाल्या आहेत. सुलेखा खरात. मूळच्या सिल्लोडकडच्या, माझ्यापेक्षा लहान, बोलायला तिखट. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "भावाला फोन, मेसेज, चिठ्ठी काही केलंय का?" मी म्हटलं, एक पत्र. त्यांनी डोक्याला हात लावला. तू फिर्यादी, म्हणजे सरकारचा पहिला साक्षीदार. आरोपीने साक्षीदाराला पत्र लिहिलं, तर दबाव आणला असं होतं, आणि ते पत्र कोर्टात आलं तर माझ्याच गळ्याशी येतं. "यापुढे एक ओळ नको, मॅडम." मी हो म्हटलं. मुलांना शिस्त लावणारी बाई किती सहज खोटं बोलते बघ. तुला पाहिजे तर हे पत्र सरकारी वकिलांना दे. मी हस्ताक्षर नाकारणार नाही.

शाळेने सध्या येऊ नका म्हणून सांगितलं आहे. मुख्याध्यापकांनी चहा पाजून सांगितलं. निकाल सुटल्याचा लागला तर परत या, शिक्षा झाली तर नोकरी गेली. मी घरी बसून आपल्या अण्णांचं करते. मोतीबिंदूचा दुसरा डोळा अजून राहिला आहे. ते आता पुष्कळ विसरतात. सावनी गेली हे त्यांना कधी आठवतं, कधी नाही. नाही आठवलं की विचारतात, "पोर झोपली का?" मी झोपली म्हणते. आणि हाक मारायची झाली तर तुझ्याच नावाने मारतात. मी समोर असले तरी "शंत्या" म्हणतात.

त्या दुपारचं तू मला कधी विचारलं नाहीस, मी सांगते. वरण-भात खाऊन ती माझ्या मांडीवर लोळत होती. अण्णांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली. थेंब घातला की पापणी मिटून थोडा वेळ धरावी लागते, नाहीतर ते चोळतात. मी त्यांची पापणी धरून बसले होते. ती "आत्या, मी बाहेर" म्हणाली. मी म्हटलं, "उन्हात नको, पायरीवरच बस." ती हो म्हणाली. चांगली ऐकणारी पोर होती. पायरीवरच बसेल असं मी धरून चालले. डोळ्यात दोन औषधं होती, मध्ये पाच मिनिटं सोडून घालायची.

पुढचं तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलं आहेस.

ताई


१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय शंतनू,

दिवाळी झाली. पणती लावली नाही. गोजरबाई कामाला येते, तिने उंबऱ्यात एक लावली आणि मला न सांगता निघून गेली. तिचाही जबाब झाला आहे. ती त्या दिवशी मागच्या बाजूला भांडी घासत होती. मला म्हणते, "ताई, मला कोर्टात काय इचारतील वो? म्या तं काईच पाहिलं नाय. पर झाकन उघडं व्हतं हे सांगावं लागंल ना?" मी म्हटलं, जे होतं ते सांगायचं. "लई जिवावर येतं," म्हणाली आणि पदराने डोळे पुसत भांड्यांकडे गेली.

तर झाकण. मी इतके दिवस टाळत होते, तूही टाळत असशील.

सुलेखाबाईंनी कागद मांडले आणि विचारलं, "हौदाचं झाकण उघडं का होतं? साफ करत होता?" आता त्यांना आपल्या घरची रीत काय सांगू? तरी सांगितली. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्याने येतं, कधी त्याहून उशिरा, आणि कुठल्या वेळी येईल ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून पाण्याचा दिवस जवळ आला, की आमच्या अण्णांनी झाकण अर्धं सरकवून खाली वीट लावायची. रिकाम्या हौदाच्या तळाशी पाण्याची पहिली धार पडली की तो आवाज थेट घरात येतो. धारेला जोर नसतो, ओढलं नाही तर तळापुरतंच पडतं; म्हणून उठायचं, नळाला मोटार लावायची, हौद आणि वरची टाकी भरून घ्यायची. झाकण लावलेलं असलं तर आवाज येत नाही, आणि पाणी येऊन गेलं तर आठ दिवस बादल्या घेऊन लोकांच्या दारात. अण्णांचं आता होत नाही म्हणून मी सरकवते. त्या दिवशीही सकाळी उठल्या उठल्या मीच सरकवलं होतं. गल्लीत दुसरंही कुणी कुणी असंच करतं. आजवर मांजरसुद्धा पडलं नव्हतं.

त्या सगळं लिहून घेत होत्या. मध्येच थांबल्या. "हे तुमच्या भावाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "लहानपणी माहीत होतं. आता तो बरीच वर्षं पुण्याला असतो."

लहानपणी माहीत होतं! अरे, तुझी खाट खिडकीशी का होती? आवाज ऐकायचं काम तुझं होतं म्हणून. अण्णा आतून ओरडायचे, "शंत्या, आलं का रे?" आणि तू झोपेतच "ओऽऽ" करायचास. एवढं सगळं मी त्यांना सांगितलं नाही. कारण फिर्यादीतली ती ओळ अशी आहे: 'हौदाचे झाकण उघडे ठेवले जाते याची मला किंवा माझ्या पत्नीस काहीही कल्पना नव्हती.'

चारुताला नव्हती. ती तर आपल्या घरी दोन-चार दिवसांपुरतीच यायची, आणि पुण्याच्या सोसायटीत तिला हौद बघायला कुठे मिळतो.

काकासाहेब परवा येऊन गेले. अण्णांचे धाकटे भाऊ म्हणून त्यांनी तोडगा आणला होता. म्हणे, "झाकण दादानं उघडलं असं सांग. म्हाताऱ्या माणसाला कोण आत टाकतंय? तू सुटशील, पोराचाही राग निवळेल." अण्णा शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकत बसले होते. मी काकासाहेबांना चहा दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा घरी आलेल्या माणसाला चहा न देता पाठवलं.

ताई


९ मार्च २०२५

प्रिय शंतनू,

कोर्टात आरोप वाचून दाखवला. मी उभी होते. मॅजिस्ट्रेट मॅडम माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" माझ्या तोंडून हो जाणार होतं. सुलेखाबाईंनी मागून नुसतं "मॅडम" म्हटलं, तशी मी "नाही" म्हणाले. हो म्हणाले असते तर एका दिवसात संपलं असतं. पण मग अण्णांचं कोण बघणार? शिक्षा दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. तू त्यांना पुण्याला नेशील का, हे मी विचारू शकत नाही, आणि तू सांगू शकत नाहीस.

मला झोप लागत नाही. दार वाजलं की समन्स वाटतं. पोस्टमन दिसला की वाटतं तुझं उत्तर आलं, आणि मग वाटतं माझीच पत्रं परत आली. अजून एकही परत आलेलं नाही. म्हणजे कुणीतरी घेतं. तू घेतोस की चारुता घेते? हा विचार आला की पेन खाली ठेवावंसं वाटतं, कारण आज जे लिहायचं आहे ते चारुताच्या हाती पडायला नको. म्हणून पाकिटावर तुझ्या ऑफिसचा पत्ता घालते आहे.

मी पाहिलं होतं, शंतनू.

त्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी कणीक मळत होते. चारुता आंघोळीला गेली होती. तू सावनीला कडेवर घेऊन हौदापाशी गेलास. झाकण सरकवलेलंच होतं. तू उकिडवा बसलास, तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलंस, आणि आत तोंड करून हाक मारलीस, "साऽवनी". हौद रिकामा होत आला की किती घुमतो ते तुला ठाऊकच आहे. आतून तिचं नाव परत आलं. ती अशी खिदळली, की मी कणकेच्या हातांनी दारापर्यंत आले. तू तिला म्हणालास, "बघ, हाक मारली की हौद ओ देतो. मी लहान होतो तेव्हा माझ्याशी पण बोलायचा." मग तिने हाक मारली. बाबा म्हणून. मग आत्या म्हणून. मग नुसतंच ओ.

मी हसले. झाकण लाव म्हणाले नाही. तुम्ही गेल्यावर मी लावायला हवं होतं, तेही लावलं नाही, कारण पाण्याचा दिवस होता. लेकरू घरात आहे आणि मला पाण्याची पडली होती. हा माझा गुन्हा आहे, आणि तो कुठल्याही कोर्टात कमी होत नाही.

पण ती पायरी सोडून हौदाकडे का गेली, हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. पोलिसांना मी सांगितलं नाही. सुलेखाबाईंनाही नाही. हे मी तुला भीती घालायला लिहिते आहे असं समजू नकोस. तू हे एकटाच घेऊन बसला असशील असं मला वाटलं. रात्री चारुताच्या शेजारी पडून हे मनात ठेवायचं म्हणजे काय होत असेल, या विचाराने माझा जीव कासावीस होतो. मलाही ठाऊक आहे, एवढंच सांगायचं होतं.

ताई


११ जानेवारी २०२६

प्रिय शंतनू,

तुझ्या साक्षीची तारीख लागली. समन्स तुला मिळालं असेल.

एक घोटाळा झाला आहे, तो तुला आधी कळायला हवा. सुलेखाबाई कागदांवर सह्या घ्यायला घरी आल्या होत्या. मी आत गेले तेवढ्यात अण्णांशी बोलत बसल्या. अण्णांना काल काय जेवलो ते आठवत नाही, पण नको ते नेमकं आठवलं. त्या सकाळी डोळ्यावर पट्टी होती ना, म्हणून ऐकलेलं राहिलं असेल. म्हणाले, "त्या दिशी सकाळी शंत्या पोरीला घेऊन हौदात हाका मारत होता. लहानपणचा नाद आहे त्याला." मी बाहेर आले तर सुलेखाबाई माझ्याकडे बघत होत्या.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

मी राहिलेल्या कागदावर सही करायला लागले. तेच उत्तर झालं.

त्या चिडल्या. म्हणाल्या, "मॅडम, फिर्यादीनं सांगितलंय की झाकण उघडं असतं याची कल्पना नव्हती. आणि त्याच सकाळी तो त्याच झाकणापाशी मुलीला खेळवत होता. हा एक प्रश्न विचारला की त्याची साक्ष गेली. सरकारची केस लंगडी पडते. तुमची नोकरी वाचते, म्हाताऱ्याची सोय होते. उलटतपास कशाला असतो मग?"

मी म्हटलं, "विचारायचा नाही."

"का?"

"मागच्या बाकावर त्याची बायको बसलेली असणार."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "लिहून द्या मला. उद्या शिक्षा झाली तर वकिलानं कच खाल्ली असं म्हणाल." मी लिहून दिलं. फिर्यादीस त्या दिवसाच्या सकाळबद्दल काहीही विचारू नये, ही माझी सूचना आहे. खाली सही. सुलेखाबाईंनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि जाताना अण्णांच्या पाया पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर तू निर्धास्त ये. जे फिर्यादीत लिहिलंस तेच सांग. तुला कुणी काही विचारणार नाही. मोठेपणा म्हणून हे करत नाही रे. मी सुटावं असं मला वाटतं, रोज वाटतं. पण सुटून घरी यायचं आणि तिकडे तुझं घर मोडलेलं, हे मला जमणार नाही. लेकरू तर गेलंच आहे.

बाकी इथलं ठीक. हौदाला आता लोखंडी झाकण आणि कुलूप. त्यामुळे पाणी आलेलं कळतच नाही. मागच्या आठवड्यात येऊन गेलं, आम्ही कोरडे.

इस्त्रीचा शर्ट घाल. साक्षीला उभं राहताना माणूस गबाळा दिसू नये.

ताई


२ फेब्रुवारी २०२६

प्रिय शंतनू,

परवा घरी आल्यापासून मी तीनदा लिहायला बसले. मायन्याच्या पुढे गेले नाही. आज लिहिते आहे.

तू किती वाळला आहेस. शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरत होती. तू पिंजऱ्यात गेलास, शपथ घेतलीस, सरकारी वकिलांनी विचारलं तसं सांगत गेलास. कल्पना नव्हती, हेही सांगितलंस. मी खाली बघत होते. मग सुलेखाबाई उठल्या. त्यांनी शब्द पाळला. एवढंच विचारलं, "त्या घरात तुमचं लहानपण गेलं का?" तू हो म्हणालास. "बस, मला एवढंच विचारायचं होतं," असं म्हणून त्या खाली बसल्या. सरकारी वकीलसुद्धा चमकून बघायला लागले. मॅजिस्ट्रेट मॅडम म्हणाल्या, "झालं, या तुम्ही."

तू उतरला नाहीस.

मला पहिल्यांदा वाटलं तुला चक्कर आली. तू समोरची लाकडी पट्टी धरून उभा होतास. शिपाई म्हणाला, "साहेब, चला." आणि तू म्हणालास, "मला कल्पना होती."

ते सगळं इथे पुन्हा लिहीत नाही. तू जे बोललास ते कोर्टात टंकलं गेलं आहे. झाकण उघडं का ठेवायचे, आवाज कोण ऐकायचं, सकाळी तू तिला काय दाखवलंस. मॅडमनी दोनदा विचारलं, "हे तुम्ही स्वतःहून सांगताय?" तू मान हलवलीस. त्या म्हणाल्या, "तोंडानं सांगा." तू म्हणालास, "हो. तिला हाक मारायला मीच शिकवलं. ताईला सगळं माहीत होतं, ती बोलली नाही."

मागे चारुता उठली. पर्सचा पट्टा बाकाला अडकला, तो तिने हिसकून काढला आणि बाहेर गेली. मला तिच्या मागे जावंसं वाटलं, पण आरोपीला जागा सोडता येत नाही. तिचं काय झालं? शंतनू, बाकी काही नको, एवढं कळव. ती तुझ्याशी बोलते का? रागाने बोलत असली तरी चालेल. बोलत नसली तर तिच्यासमोर नुसता बसून राहा, उठून जाऊ नकोस. मी एवढा आटापिटा केला होता तो याच भीतीपोटी, आणि तू एका मिनिटात सगळं उघडं केलंस. मला तुझा राग आला होता. अजून थोडा आहे. पण त्या रात्री मी झोपले. सलग झोपले, सकाळी गोजरबाईने दार वाजवून उठवलं.

सुलेखाबाई म्हणतात, केस बरीच हलकी झाली, तरी सुटकेची खात्री देत नाही. झाकण मी उघडलं होतं, ते आहेच. निकाल लागेल तेव्हा लागेल. मला आता त्याची पहिल्यासारखी धास्ती वाटत नाही.

बाहेर जिन्यापाशी तू माझ्यासमोर येऊन थांबलास. दीड वर्षाच्या वर झालं तुझा आवाज ऐकून. मला वाटलं शिवी देशील, किंवा रडशील. तू माझ्या चपलांकडे बघत विचारलंस, "आता पाणी आलेलं कळतं कसं?"

म्हणजे माझी पत्रं तू वाचत होतास. सगळी वाचलीस. मी उत्तर द्यायच्या आत तू जिना उतरून गेलास. तेव्हा आज देते.

कळत नाही रे. अप्पारावांची मोटार सुरू झाली की आपल्याकडेही आलं असं समजायचं. त्यांची मोटार ऐकू आली की मी अंगणात जाते, कुलपाला हात लावून उभी राहते. उघडत नाही. झाकणाखाली पाणी पडत असतं, ते पायांना जाणवतं, कानाला नाही. तेवढ्यात आतून अण्णा हाक मारतात, नेहमीसारखी, तुझ्याच नावाने. "शंत्या, आलं का रे?"

तू इथे नसतोस, म्हणून मी ओ देते.

तुझी
ताई